औषध देणारा हात



आपल्या घरात औषध देण्याचं काम कोण करतं? सासूबाईंची बीपीची गोळी, पोराच्या तापाचं पातळ औषध, मालकांची साखरेची गोळी. डॉक्टर लिहून देतात, दुकानदार बांधून देतो, पण शेवटी पाण्याचा पेला पुढे करणारा हात बाईचा असतो. दवाखान्यातही तेच. कागदावर सही डॉक्टरची, पण इंजेक्शन टोचायला, गोळी द्यायला येते ती सिस्टर. तिच्या आधी कुणाची चूक झाली असेल तर ती तिला पकडता येते. तिची स्वतःची चूक पकडायला मात्र तिच्यापुढे कुणीच नसतं.

म्हणून नर्सिंगच्या शाळेत पाच गोष्टी घोकून घेतात. योग्य माणूस, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य वाट आणि योग्य वेळ. वाट म्हणजे औषध तोंडाने द्यायचं, सुईने द्यायचं, डोळ्यात घालायचं की कातडीवर लावायचं ते. ऐकायला किती सोपं! पण यातली एकेक गोष्ट शिकायला माणसांनी मोठी किंमत मोजली आहे. आणि ही जबाबदारी खेड्यातली बाई पेलू शकते, हे आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला, पन्नास वर्षांपूर्वी दिसलं. आज तो इतिहास सांगते.

सुरुवात प्लेगपासून करू. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि बघता बघता घाटावर चढला. पुण्याला प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच सावित्रीबाई फुले गेल्या, ती तारीख होती १० मार्च १८९७. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं शिक्षण आपल्या नगरला फॅरारबाईंकडे घेतलं होतं, हे पुष्कळ जणींना ठाऊक आहे. पण त्यांचा शेवट रोग्याच्या सेवेत झाला, हेही आपण ध्यानात ठेवायला हवं. त्या वेळी प्लेगवर ना गोळी होती, ना इंजेक्शन. रोग्याला उचलून आणायचं आणि जवळ बसायचं, एवढंच हातात होतं.

त्याच वर्षी मुंबईत हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने प्लेगची लस तयार केली आणि पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. ही लस देशभर जाऊ लागली. १९०२ साली ऑक्टोबरच्या ३० तारखेला पंजाबातल्या मुल्कोवाल नावाच्या गावी १०७ लोकांना लस टोचली. त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळेच्या सगळे दगावले. हे १९ जण एकाच बाटलीतून लस घेतलेले होते.

सगळं खापर हाफकिनसाहेबांवर फुटलं. मुंबईच्या प्रयोगशाळेतूनच घाण आली असं ठरवून त्यांना कामावरून दूर केलं. पुढे चौकशीत कळलं की बाटलीचं बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करताच त्याने बूच काढलं होतं. मातीतले धनुर्वाताचे जंतू चिमट्यावरून बाटलीत गेले. हाफकिन यांच्यावरचा ठपका पुसला जायला १९०७ साल उजाडलं.

बघा, इथे माणूस बरोबर होता, औषध बरोबर होतं, मात्राही बरोबर होती. देण्याची रीत तेवढी चुकली, तीही काही क्षणांपुरती. आज उपकेंद्रात सिस्टर सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडते, सुईच्या टोकाला बोट लागू देत नाही, काम झालं की सुई वेगळ्या डब्यात टाकते. त्या प्रत्येक कृतीमागे अशी कुठली ना कुठली माणसं आहेत. आपल्या देशात लसीकरणासाठी २००५ सालापासून एकदाच वापरता येणाऱ्या सिरिंज आल्या. दट्ट्या एकदा आत गेला की तो परत ओढताच येत नाही. त्याआधी मात्र उकळलेल्या त्याच त्या सुया अनेकांना टोचायची रीत होती.

आता जामखेडला येऊ. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. रजनीकांत हे आपल्या राहुरीचे. दोघांचं वैद्यकीय शिक्षण वेल्लोरला झालं, पुढे काही वर्षं नेवासे तालुक्यातल्या वडाळा मिशनच्या दवाखान्यात काम केलं, मग अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. आणि कामासाठी त्यांनी निवडलं जामखेड. पाऊस कमी, रस्ते नाहीत, त्यात पुढे १९७२ चा दुष्काळ. प्रकल्पाच्या नोंदी सांगतात की सुरुवातीला या भागात जन्मलेल्या हजार बाळांमागे १७६ बाळं वर्षाची व्हायच्या आत जात होती. म्हणजे दर सहा पाळण्यांमागे एक रिकामा होत होता.

डॉक्टरांनी आधी सरळ मार्ग धरला. शिकलेल्या नर्सबाई, म्हणजे एएनएम, गावांमध्ये ठेवायच्या. पण ते जमेना. परक्या गावात एकट्या तरुण मुलीने राहायचं कसं? आणि गावातल्या बायांनी आपलं दुखणं तिला मोकळेपणाने सांगायचं कसं? तेव्हा विचार पुढे आला की गावानेच आपल्यातली एक बाई निवडावी आणि तिला शिकवावं. गावांनी बाया निवडल्या. त्यातल्या पुष्कळ जणी दलित, काही टाकलेल्या, काही विधवा, आणि बहुतेकींना अक्षरओळख नव्हती.

इथेच खरा प्रश्न आला. जिला पाकिटावरचं नाव वाचता येत नाही, तिच्या हातात औषध द्यायचं? ही शंका वेडगळ नव्हती. औषध म्हणजे धारेचं हत्यार. चुकलं तर जीव जातो.

जामखेडने या शंकेला कामातूनच उत्तर दिलं. त्यातल्या चार गोष्टी आपण नीट पाहू.

पहिली गोष्ट, शिकवणं एकदाच उरकलं नाही. बाया ठरल्याप्रमाणे आठवड्याच्या आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करत, गेल्या आठवड्यात गावात काय झालं ते सांगत, एकमेकींकडून ऐकत आणि नवं शिकून जात. जिला वाचता येत नाही तिची आठवण तल्लख असते, हे आपण जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या आयांकडे पाहून जाणतोच.

दुसरी गोष्ट, पेटीत औषधं थोडी आणि साधी. शंभर औषधांमध्ये घोटाळा होतो, मोजक्या औषधांत होत नाही. जुलाबावर तर औषधसुद्धा घरातलंच होतं, साखर, मीठ आणि पाणी. ते किती प्रमाणात आणि कसं पाजायचं, एवढंच शिकायचं. पण त्या एवढ्यानेच किती लेकरं वाचली.

तिसरी गोष्ट, आपली हद्द ओळखणं. कुठल्या तापाला घरी औषध आणि कुठल्या बाळंतिणीला ताबडतोब गाडीत घालायचं, हे त्यांना पक्कं सांगितलेलं होतं. औषध देता येणं जितकं महत्त्वाचं, तितकंच ‘हे माझ्या हातचं नाही’ हे वेळेवर म्हणता येणं.

चौथी गोष्ट, पाठीशी माणूस. नर्स, डॉक्टर आणि समाजसेवक यांचं फिरतं पथक गावात येई, बाईचं काम पाही, अडलेलं सोडवी. म्हणजे नर्सबाईचं काम गेलं नाही, वाढलं. पूर्वी ती औषध देणारी होती, आता ती औषध देणारीला शिकवणारी आणि तपासणारीही झाली.

क्षयरोग आणि कुष्ठरोग या दुखण्यांत या बायांची खरी कसोटी लागली. या रोगांची औषधं महिनोन् महिने घ्यावी लागतात. थोडं बरं वाटलं की माणूस गोळी सोडतो, आणि मग रोग दुप्पट जोराने उठतो. दवाखान्यातली सिस्टर रोज घरी येऊ शकत नाही. शेजारची बाई येऊ शकते. ती विचारते, आज गोळी घेतली का? नाही म्हटलं तर समोर बसून घ्यायला लावते. योग्य वेळ हा नियम जामखेडच्या गल्लीबोळांत असा पाळला गेला. क्षयरोग्याने कुणाच्या तरी नजरेसमोर गोळी घ्यायची, ही पद्धत सरकारने देशभर नेली ती १९९७ पासून.

आणखी एक लढाई होती ती सुईच्या वेडाशी. सुई टोचली नाही तर डॉक्टरने काही केलंच नाही, असं आजही आपल्याकडे म्हणतात. थकवा आला की सलाईन लावून घेणारे कमी नाहीत. सलाईनमध्ये असतं काय? मुख्यतः शुद्ध पाणी आणि मीठ, कधी साखर. ज्याला तोंडाने पिता येतं त्याला बहुतेक वेळा त्याची गरज नसते. तोंडाने घेतलेलं चुकीचं औषध कधी उलटून तरी पडतं, पण शिरेतून गेलेलं परत काढता येत नाही. गावातली बाई जेव्हा हे आपल्या भाषेत समजावून सांगू लागली, तेव्हा लोकांचे पैसेही वाचले आणि धोकाही टळला.

याचं फळ दिसलं. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या लोकांनी चालवलेल्या आरोग्यकामांवर पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर प्रकरण होतं. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हजारी १७६ बालमृत्यूंचा आकडा पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत तीसच्या खाली आला. १९८८ साली जामखेडच्या मुक्ताबाई पोळ अमेरिकेत वॉशिंग्टनला मोठ्या परिषदेत बोलल्या. त्यांच्या बोलण्याचा आशय असा होता की मोठे डॉक्टर म्हणजे महागडं झुंबर, आणि आम्ही साध्या पणत्या. पणती कुठेही नेता येते आणि एकीवरून दुसरी लावता येते.

आता तुमच्यातली एखादी म्हणेल, साध्या गोळ्यांचं ठीक आहे, पण इंजेक्शन? ते तर शिकलेल्या नर्सचंच काम. याचं उत्तर आपल्या राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत मिळालं.

तिथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत काम केलं. जन्मल्यापासून पहिल्या महिन्यात जी बाळं जातात, त्यातली पुष्कळ जंतुदोषाने जातात. औषध ठाऊक होतं, जेंटामायसीनचं इंजेक्शन आणि सोबत पातळ औषध. पण ते बाळापर्यंत पोचत नव्हतं, कारण दवाखाना लांब आणि बाळंतीण घराबाहेर पडायला तयार नाही. तेव्हा गावातल्या थोडंफार शिकलेल्या बायांना हे इंजेक्शन शिकवायचं ठरलं.

हे जोखमीचं होतं. नवजात बाळाला लागणारी मात्रा अगदी थोडी. थेंबभर जास्त झालं तरी कान आणि मूत्रपिंड यांना इजा होऊ शकते. म्हणून आधी बाळाचं वजन. ताणकाट्यात बाळ टांगून वजन घ्यायचं आणि त्यावरून मात्रा ठरवायची. लक्षणं ठरलेली, ती दिसली तरच औषध. दवाखान्यात न्या हा सल्ला आधी द्यायचा, आईबाप नाहीच म्हणाले तर त्यांची लेखी संमती घ्यायची. केलेलं सगळं लिहून ठेवायचं. आणि दर पंधरा दिवसांनी तपासणारा माणूस येणार.

१९९९ साली हे निकाल ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आले. शेजारच्या गावांशी ताडून पाहता, तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. मोठ्या दवाखान्याची इमारत तिथे उभी राहिली नव्हती. वजनकाटा, सुई, नोंदवही आणि शिकलेला हात, एवढ्यावर हे झालं. पुढे २०११ पासून घरोघरी नवजात बाळाची तपासणी करण्याचं काम सरकारने देशभरातल्या आशांना दिलं. आणि २०१४ साली, बाळाला दवाखान्यात नेणं शक्यच नसेल अशा वेळी एएनएमला जेंटामायसीन देण्याची परवानगी मिळाली.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि आशा हे पद जन्माला आलं. जामखेडच्या गल्लीत जे सुरू झालं, ते देशाच्या प्रत्येक गावात जायला पस्तीस वर्षं लागली. आज तुमच्या गावातली आशाताई ही मुक्ताबाईंच्याच वारशातली. पण पद आलं म्हणजे त्यामागच्या त्या चार गोष्टी आपोआप येत नाहीत. पुन्हा पुन्हा शिकवणं, मोजकं काम, हद्दीची जाण आणि पाठीशी माणूस. यातलं एक जरी ढिलं पडलं तरी काय होतं, ते २०२१ साली यवतमाळ जिल्ह्यात दिसलं.

३१ जानेवारी २०२१, पल्स पोलिओचा दिवस. घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावात १२ लेकरांना पोलिओच्या डोसाऐवजी हात धुवायचं सॅनिटायझर पाजलं गेलं. पाच वर्षांच्या आतली लेकरं ती. काहींना उलट्या झाल्या, सगळ्यांना यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात ठेवावं लागलं. देवाची कृपा म्हणा की वेळेवर झालेले उपचार म्हणा, सगळी सुखरूप घरी आली. कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली.

कारवाई व्हायलाच हवी होती. पण मैत्रिणींनो, कारवाईने पुढची चूक टळते का, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. तो कोरोनाचा काळ होता. सॅनिटायझरची बाटली प्रत्येक टेबलावर असायची. तोंडात घालायचं औषध आणि हाताला लावायचं औषध एका टेबलावर ठेवायचंच नाही, असा साधा नियम अशी चूक अडवतो. बाटली हातात घेताना एकदा, औषध काढताना एकदा आणि बाटली परत ठेवताना एकदा, असं तीनदा नाव वाचायची नर्सिंगमधली जुनी सवय तीही अडवते. अशा सवयी लागायला शिकवणी लागते, आणि शांतपणे काम करायला वेळ लागतो. डोक्यावर दहा सर्वेक्षणं आणि हातात तुटपुंजं मानधन असलेल्या बाईकडे तो वेळ असतो का? २०२१ च्या जूनमध्ये राज्यभरच्या आशांनी संप केला, तेव्हा लोकांना तो पैशांचा संप वाटला. तो आपल्या लेकरांच्या सुरक्षिततेचाही प्रश्न होता.

आणखी एक. चूक झाल्यावर भीतीने गप्प बसणं ही त्याहून मोठी चूक. वेळेवर कळलं तर पोट धुता येतं, उतारा देता येतो, लक्ष ठेवता येतं. म्हणून आपल्या आशाताईला, अंगणवाडीताईला, सिस्टरला गावाने असा विश्वास द्यायला हवा की ‘बाई, काही गडबड झाली तर लगेच सांग, आम्ही आधी लेकराकडे धावू, मग बाकीचं बघू.’ हाफकिनसाहेबांची आठवण ठेवा. घाईने ठरवलेला दोषी खरा दोषी असेलच असं नाही.

आता या इतिहासातून आपल्या घरात काय आणायचं?

औषध घेताना विचारायचं, न लाजता विचारायचं. हे कशाचं आहे? किती घ्यायचं? जेवणाआधी की नंतर? किती दिवस? वाचता येत नसेल तरी रंग ओळखता येतो. सरकारी लोहाच्या गोळ्यांचे रंग त्याचसाठी वेगळे ठेवले आहेत. लहान मुलांची गुलाबी, शाळेतल्या किशोरवयीन मुलामुलींची निळी आणि गरोदर व स्तनदा बायांची लाल. गरोदर सुनेची लाल गोळी घरातल्या लहानग्याच्या हाती लागू देऊ नका. जास्त लोह लेकराच्या जिवावर उठतं. आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहा तिचा गुण खातो.

जंताची गोळी एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, दोनच्या पुढे एक. लहानग्यांना ती चुरून पाण्यातून द्यायची, नाहीतर घशात अडकते. झोपलेल्या किंवा रडणाऱ्या बाळाच्या तोंडात औषध कोंबायचं नाही. तापाच्या औषधाचे थेंब आणि त्याच औषधाची मोठी बाटली यांत फरक असतो. थेंबांचं औषध सहसा कितीतरी जास्त तीव्र असतं. ते चमच्याने पाजलं तर मात्रा चौपट होऊ शकते. बाटलीबरोबर आलेलं मापच वापरा, घरातला चमचा नको.

गोवराची लस पातळ केल्यापासून चार तासांतच वापरायची असते. उशिरा गेलात आणि सिस्टर म्हणाली, ‘ही बाटली आता चालणार नाही,’ तर तिच्याशी भांडू नका. ती तुमच्या लेकराचं राखण करते आहे. उलट सुईचं पाकीट फोडायच्या आधी तिने नाव विचारलं, कार्ड पाहिलं, तर तिचं कौतुक करा.

आणि फवारणीचं औषध, रॉकेल, फिनेल कधीही पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत ठेवू नका. कापसी-कोपरीची चूक घरातही होऊ शकते. आपल्या फडताळात ती व्हायला सरकारी कर्मचारी लागत नाही.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत दहा मिनिटं काढा. प्रत्येकीने घरातली औषधांची पिशवी आणावी. मुदत संपलेलं बाजूला करा, कशाचं आहे ते ठाऊक नसलेलं बाजूला करा आणि उरलेल्याचं आशाताईला विचारून घ्या. जामखेडच्या बाया अशाच गोल करून बसत आणि एकमेकींना विचारत शिकल्या. वाचता न येणं त्यांच्या आड आलं नाही, कारण विचारायची लाज त्यांनी सोडली होती.